एक निर्मिक, सर्वांना एकच नीती

नीतीचे नियम सगळ्या माणसांना सारखेच लागू असतात, की समाज, काळ आणि परिस्थिती बदलली की तेही बदलतात? नीतिशास्त्रात पहिल्या भूमिकेला निरपेक्षतावाद आणि दुसरीला सापेक्षतावाद म्हणतात. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांनी निरपेक्ष नीतीची सांगड एकेश्वरवादाशी घातली. देव एक, त्याची आज्ञा एक, म्हणून कर्तव्यही सगळ्यांना एकच. युरोपात ईश्वरश्रद्धा सैल होत गेली तसा नीतीचा आधारही गेला, असे अनेकांना वाटू लागले आणि हा वाद श्रद्धा विरुद्ध आधुनिकता असा मांडला जाऊ लागला. महाराष्ट्राचा अनुभव या मांडणीत बसत नाही. इथे सापेक्षतावाद आधुनिकतेबरोबर बाहेरून आला नाही. वर्णधर्म, कुलाचार आणि देशाचार या रूपांत तो आधीपासून घरातच नांदत होता. एका ईश्वराचे नाव घेऊन त्याला आव्हान दिले ते आधुनिक सुधारकांनी. वाद समजून घ्यायचा तर सुरुवात तिथून करावी लागते.

धर्मशास्त्रात नीतीचे दोन थर आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा समान धर्म, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. याला साधारण धर्म म्हणतात. त्यावर विशेष धर्माचा थर: वर्णाचा वेगळा, आश्रमाचा वेगळा, कुळाचा आणि प्रदेशाचा वेगळा, इतकेच नव्हे तर कृतयुगाचा वेगळा आणि कलियुगाचा वेगळा. एकाच अपराधाची शिक्षा अपराध करणाऱ्याच्या आणि सोसणाऱ्याच्या वर्णाप्रमाणे बदलते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड चाळले, तरी हा पसारा किती मोठा आणि किती परस्परभिन्न होता ते कळते. या व्यवस्थेचा एक गुण मान्य करायला हवा. नाना समाजांना आपापल्या रीतीने जगू देण्याची सोय तिच्यात होती. पण तिची किंमत ज्यांनी मोजली ते व्यवस्थेच्या तळाशी होते. न्याय मागायला आलेल्याला आधी ‘तू कोणाचा?’ हे विचारले जाई आणि न्याय त्या उत्तरावर ठरे. साधारण धर्म आणि विशेष धर्म यांत विरोध आला की बहुतेक वेळा विशेष धर्म सरशी करून जाई.

देहू आणि आळंदी यांना जोडणारा रस्ता मोशीत पुणे-नाशिक महामार्गाला छेदतो. तुकारामांचे गाव आणि ज्ञानदेवांची समाधी यांच्यामधले, इंद्रायणीकाठचे हे गाव. ‘तू कोणाचा?’ विचारणाऱ्या या व्यवस्थेशी या टापूत साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी जो संघर्ष झाला तो अधिकाराचाच होता. वाघोलीच्या रामेश्वरभटांचा तुकारामांवर आक्षेप काय होता? तुकाराम खोटे सांगतात, असा नव्हता. वेदांचा अर्थ बोलण्याचा अधिकार शूद्राला नाही, असा होता. गाथा इंद्रायणीत बुडवल्याची परंपरागत कथा या आक्षेपाभोवतीच उभी आहे. म्हणजे वचन खरे की खोटे हे वचनावरून ठरायचे नाही, ते बोलणाऱ्याच्या जन्मावरून ठरायचे. ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी तुकारामांना गुरू मानले, त्या देहूला येऊन राहिल्या आणि त्यापायी मंबाजी नावाच्या विरोधकाकडून झालेला छळ त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवून ठेवला. सत्याला जन्माची अट नसते ही जाणीव त्या छळामागे आणि तो सोसण्यामागे, दोन्हींकडे आहे. एका बाजूला तिची धास्ती होती, दुसऱ्या बाजूला तिच्यावर निष्ठा.

वारकऱ्यांचा एकच विठ्ठल आणि सेमिटिक धर्मांचा एकच ईश्वर यांत फरक आहे. वारकरी विचाराच्या मुळाशी अद्वैत आहे. इतर देव खोटे म्हणून विठ्ठल एक, असे नाही. सगळ्यांत तोच भरला आहे म्हणून तो एक. अद्वैतापुढे नीतीची एक अडचण नेहमी उभी राहते. सगळेच ब्रह्म असेल, तर मारणारा आणि मार खाणारा यांत भेद कसला? पारमार्थिक पातळीवर बरे-वाईट मावळत असेल, तर व्यवहारातल्या अन्यायावर बोट ठेवायला जागा कुठे उरते? संतांनी या तर्काला त्या टोकापर्यंत जाऊ दिले नाही. सर्वांत देव असेल तर कोणाचाही अवमान हा देवाचाच अवमान, हा उलट निष्कर्ष त्यांनी काढला आणि अद्वैतातून समतेचे बंधन निर्माण केले. विचार म्हणून ही मोठी झेप होती. पण ती मंदिराच्या दारापर्यंतच पोचली. अस्पृश्य मानलेल्या जातीतले संत चोखामेळा १३३८ मध्ये वारले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल उजाडले, तेही साने गुरुजींनी मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केल्यावर. एका देवावर श्रद्धा असणे आणि सगळ्यांना एकच न्याय देणे यांत सहाशे वर्षांचे अंतर पडू शकते, हे एकेश्वरवादाची बाजू मांडणाऱ्याने विसरता कामा नये.

एकोणिसाव्या शतकात हे अंतर मिटवण्याचे प्रयत्न सुरू झाले. दादोबा पांडुरंग यांच्या ‘धर्मविवेचना’त ईश्वर एकच पूज्य आणि मनुष्यजात एकच, ही तत्त्वे शेजारी शेजारी ठेवली आहेत. याच विचारांवर १८४९ च्या सुमारास निघालेली परमहंस सभा गुप्तपणे काम करत राहिली आणि गुप्तता फुटल्यावर विरली. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्या. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांनी त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली आणि उपासनेला तुकारामांची गाथा घेतली. पण प्रार्थनेतला एक ईश्वर समाजात वावरताना अवघडून जाई. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर काढण्याचा वाद, झाले आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. आप्तांना त्रास नको आणि समाजापासून तुटून सुधारणा करता येत नाही, ही त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. तरी मनात एक ईश्वर आणि व्यवहारात पंक्तिभेद ही फारकत त्या प्रसंगाने उघडी केली. प्रार्थना समाजाच्या विचाराचे खरे फळ विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कामात दिसते. १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि ईश्वराचे एकत्व अस्पृश्यांच्या शाळेत आणि वसतिगृहात नेऊन पोचवले.

या सगळ्यात सर्वांत स्पष्ट आणि धाडसी मांडणी जोतीराव फुले यांची आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. फुल्यांनी देवाला ‘निर्मिक’ म्हटले. हा निर्मिक अवतार घेत नाही, कोणा एका जातीला ग्रंथ देत नाही, मध्यस्थ नेमत नाही आणि फुले-नैवेद्य मागत नाही. त्याने सगळी माणसे निर्माण केली, म्हणून सगळ्यांचे हक्क सारखे. सत्य वर्तन हीच त्याची पूजा. पुस्तकात सत्य वर्तनाचे तेहेतीस नियम आहेत आणि स्त्री व पुरुष दोघांनाही त्यांत बरोबरीने गृहीत धरले आहे. त्या काळच्या नीतिग्रंथांत हे सहजी सापडत नाही. नीती निरपेक्ष असेल तर तिने निम्म्या माणसांना वगळून कसे चालेल, हे फुल्यांनी पुरते ओळखले होते.

त्याच पुस्तकात एका कुटुंबाचे चित्र आहे. घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून इस्लाम घ्यावा, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे आणि या सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एकत्र नांदावे, असे फुले सांगतात. निरपेक्ष नीती मानणारा माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेबाबत असहिष्णू असतोच, असा समज आहे. फुल्यांच्या या घरात तो टिकत नाही. तिथे धर्म चार आहेत आणि परस्परांशी वागण्याचा नियम एक आहे. श्रद्धेचे वेगळेपण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, वर्तनातला अन्याय मात्र कुठल्याही धर्माच्या नावाने चालू दिला नाही. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पुण्यात गहजब झाला, तेव्हा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले ते याच न्यायाने. गुलामगिरीला धर्माचे वेष्टन असले तरी ती गुलामगिरीच, हे ठामपणे म्हणण्यासाठी सगळ्या चालीरीतींच्या वर एक माप लागते. फुल्यांना ते निर्मिकात सापडले.

याच वर्षांत दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही आकार घेत होता. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये खटला उभा राहिला आणि १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लेखणी चालवली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले, तेव्हाही टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारने आमच्या रीतीभातींत हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून यावी, हे त्यांचे म्हणणे. पुढे विसाव्या शतकात सांस्कृतिक सापेक्षतावाद ज्या युक्तिवादाने उभा राहिला, त्याचा हा मराठी पूर्वज म्हणता येईल. त्यात एक खरी वेदना होती. न्याय करणारा स्वतःच लुटारू सत्ताधीश असेल तर त्याच्या नीतीवर विश्वास का ठेवावा? पण या युक्तिवादात ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे ठरवताना दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नव्हते.

गोपाळ गणेश आगरकरांनी या वादात सुधारणेची बाजू घेतली आणि तीही देवाचा आधार न घेता. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. विवेक आणि मनुष्याचे सुख यांवर नीती उभी राहू शकते, हे त्यांचे मत. इथे प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादातला प्रश्न आठवतो. देवाने आज्ञा केली म्हणून गोष्ट चांगली ठरते, की गोष्ट चांगली आहे म्हणून देव आज्ञा करतो? पहिला पर्याय घेतला तर देवाच्या लहरीवर नीती लटकते. दुसरा घेतला तर चांगुलपणा आज्ञेच्या आधीच असतो आणि नास्तिकालाही तो दिसू शकतो. फुल्यांचा निर्मिक या पेचातून बऱ्याच अंशी सुटतो, कारण तो फर्माने काढत नाही. सृष्टी आणि माणसांची समान घडण यांतून त्याचा हेतू विवेकाने ओळखायचा असतो. त्यामुळे आस्तिक फुले आणि अज्ञेयवादी आगरकर वेगळ्या वाटांनी निघून बालविवाह, केशवपन आणि जातिभेद यांबाबत जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. ही गोष्ट निरपेक्ष नीतीच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. ईश्वराबद्दलचे मत वेगळे असूनही अन्याय दोघांना सारखाच दिसला.

निरपेक्ष नीतीवरचा नेहमीचा आक्षेप असा की कुठलाच नियम अपवादाशिवाय टिकत नाही. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी या प्रश्नाला एक आख्खे प्रकरण दिले. सत्य, अहिंसा, अस्तेय यांना महाभारतापासून युरोपीय ग्रंथकारांपर्यंत कोणकोणते अपवाद सांगितले आहेत ते त्यांनी बारकाईने मांडले. पण त्यातून ‘सगळे सापेक्ष’ हा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. सुखाच्या बेरीज-वजाबाकीवर नीती उभी करणारा बेंथॅम-मिल यांचा विचारही त्यांना अपुरा वाटला. सर्वांभूती एकच आत्मा पाहणारी साम्यबुद्धी हाच नीतीचा अखेरचा आधार, असे त्यांनी प्रतिपादले. अपवाद आणि सापेक्षता यांत टिळकांनी केलेला भेद मोलाचा आहे. घरात दडलेल्या निरपराध्याला वाचवायला मारेकऱ्याशी खोटे बोलणारा माणूस सत्याची किंमत नाकारत नाही. तो जीव आणि सत्य यांत तोलून निवड करतो आणि तोलताना वापरलेला काटा सगळ्यांना सारखाच लागू असतो. संमतिवयाच्या वादात टिळकांनी हीच साम्यबुद्धी लावली असती, तर त्यांची बाजू कदाचित वेगळी झाली असती.

आधुनिक सापेक्षतावाद विसाव्या शतकात मानवशास्त्रातून बळावला. १९४७ मध्ये मेलव्हिल हर्स्कोविट्स यांच्या पुढाकाराने अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना निवेदन दिले. मूल्ये त्या त्या संस्कृतीशी बांधलेली असतात, तेव्हा एकाच संस्कृतीची मूल्ये जगावर लादू नयेत, असा त्याचा आशय होता. वसाहतवादाचा अनुभव ताजा असताना हा इशारा रास्तच होता. तरी पुढच्याच वर्षी मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला, आणि त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरला तो श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता यांनी. सार्वत्रिक नीती ही केवळ पश्चिमेची मिरास आहे, हा दावा या एका दुरुस्तीपुढे फिका पडतो.

सापेक्षतावादाच्या नावाखाली तीन वेगळी विधाने एकत्र मिसळली जातात. रीतीभाती वेगवेगळ्या असतात, हे पहिले. त्यात वाद नाही. मोशीसारख्या ठिकाणी तर तो रोजचा अनुभव आहे. हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेली मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश आणि बिहारमधली कुटुंबे इथल्या सोसायट्यांत भिंतीला भिंत लावून राहतात आणि लग्न, सुतक, उपास यांत एका मजल्यावरच्या दोन घरांचा मेळ नसतो. दुसऱ्याच्या रीतीचा निवाडा घाईने करू नये, हे दुसरे विधान. ते शहाणपणाचे आहे. सगळ्या रीतींच्या वर योग्य-अयोग्य असे काहीच नसते, हे तिसरे. पहिल्या दोन विधानांतून ते निघत नाही. शिवाय ‘सहिष्णू असावे’ हा नियम सगळ्यांनी पाळावा असे सापेक्षतावादी म्हणतो, तेव्हा एक निरपेक्ष मूल्य त्याने आधीच मान्य केलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाला देवाशिवाय उत्तर दिले. मोशीपासून जवळच असलेल्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्ध आहे आणि ते आपण सिद्ध करू, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. इतिहास म्हणून हा दावा वादग्रस्त आहे. पण तुकारामांच्या देहूच्या वेशीवर उभे राहून केलेला तो दावा वारकरी समतेचा वारसा बुद्धाशी जोडून घेत होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात नीतीबद्दलचा त्यांचा युक्तिवाद आहे. धर्मात देव केंद्रस्थानी असतो आणि नीती बाजूला जोडलेली असते. धम्मात नीती हाच गाभा असतो. त्यांचा पुढचा मुद्दा सापेक्षतावादाच्या वर्मी लागतो. नीती कुठल्याही गटात असतेच, चोरांच्या टोळीतही असते, जातीतही असते. पण ती गटापुरती असते, बाहेरच्याला तिचा आसरा नसतो आणि आतल्या दुबळ्याचे रक्षण ती करत नाही. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे.

गटाची नीती आतल्या दुबळ्यावर कशी उलटते, हे पिंपरीत जानेवारी २०१८ मध्ये दिसले. कंजारभाट समाजातल्या काही तरुण-तरुणींनी कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली होती. लग्नाच्या रात्री जोडप्याला पांढरी चादर दिली जाते आणि नंतर जातपंचायतीपुढे नवऱ्याला नवरीबद्दल विचारले जाते, अशी ही प्रथा. पिंपरीतल्या एका लग्नात या मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली आणि प्रकरण पोलिसांत गेले. या समाजाबद्दल बाहेरच्याने बोलताना जपून बोलावे, ही सापेक्षतावाद्यांची सूचना इथे अगदी योग्य आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांत हा समाज होता, आणि १९५२ मध्ये तो शिक्का पुसला तरी संशय पुसला गेला नाही. बाहेरच्या न्यायाने आयुष्य उद्ध्वस्त झालेल्यांना पंचायत हाच आधार वाटला तर नवल नाही. पण चाचणी नको म्हणणाऱ्या मुली त्याच समाजाच्या होत्या. ‘ही त्यांची संस्कृती आहे’ म्हणून गप्प बसणारा माणूस संस्कृतीचा मान राखतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो पंचांची बाजू घेतो आणि मुलींची सोडतो. सापेक्षतावादाचा हा दोष तर्काचा नाही, माणुसकीचा आहे, आणि म्हणून तो अधिक गंभीर आहे.

कायद्याने या बाबतीत हळूहळू भूमिका घेतली. संविधानाच्या तेराव्या कलमात मूलभूत हक्कांशी विसंगत रूढीही ‘कायदा’ या व्याख्येत धरून रद्दबातल ठरवल्या आहेत. पंचविसाव्या कलमातले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ मध्ये अमलात आला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने कौमार्य चाचणीला लैंगिक अत्याचार मानण्याची घोषणा केली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर आलेला जादूटोणाविरोधी कायदाही देव आहे की नाही या वादात शिरत नाही. देवाच्या नावाने कोणाला लुबाडले वा इजा केली, तर ते कृत्य गुन्हा ठरवतो.

एप्रिल २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना असलेली बंदी उठवली आणि नोव्हेंबरअखेर स्त्रिया आत गेल्या. एक स्थान हिंदूंचे, एक मुसलमानांचे. बंदीची कारणे दोन्हीकडे आपापल्या परंपरेतून दिली गेली होती, आणि निर्णय दोन्हीकडे स्त्रियांच्या समान प्रवेशाच्या बाजूने झाला.